दोन फुटके सायलेन्सर

सिंदी (रेल्वे)
ता. ७ ऑगस्ट १९५६

रामाजीभाऊ यांस बाबारावचा जय भीम.

इकडे सर्व बरे. तुमची बहीण धुरपता बरी आहे, गुडघे सोडून. तानावहिनीचा खोकला थांबला की नाही ते कळवावे.

पत्र लिहिण्याचे कारण गाडी. तुम्हाला माहीतच आहे, जिनिंगवाल्या सुलोचनाबाईंकडे मी ड्रायव्हर आहे, आणि गाडी म्हणजे ती लाल, दोन सीटांची, जमिनीला पोट घासत जाणारी. बाईंच्या मुलाने, ताराचंदने, नागपूरच्या एका साहेबाकडून हौसेने घेतली होती. शर्यतीची गाडी म्हणे. मग तो मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. गाडी राहिली, बाई राहिल्या, मी राहिलो. सेठजी वारल्यावर घरची मोठी मोटार विकली. आता पासष्टीच्या बाई डोक्यावरचा पदर हनुवटीखाली गाठ मारून बांधतात आणि या उघड्या गाडीत माझ्या शेजारी बसून दर शनिवारी वर्ध्याच्या दवाखान्यात डोळे दाखवायला जातात. आमच्या मोहल्ल्यातला माणूस बाईंच्या शेजारी बसतो म्हणून सुरुवातीला लोक कुजबुजले. बाई म्हणाल्या, "मंग काय त्याले बोनटवर बसवू?" आता लोक नुसते हसतात. बाईंना ते दिसत नाही, मी बघत नाही.

तर गाडीच्या खाली दोन सायलेन्सर आहेत, जुळे. दोन्हींना चिरा गेल्या आहेत. गाडी सुरू केली की सगळी सिंदी दाराशी येते. बैल बुजतात. बाई वैतागल्या आहेत. म्हणतात, "बाबाराव, या गाडीत तोंड उघडाची सोय नाई. तुमच्या साळ्याले दाखवा." दिवाणजीचं वेगळंच. दिवाळीनंतर कापूस येईल, तेव्हा ठिणग्या उडवणारी गाडी जिनिंगच्या आवारात नको असं त्याने सांगून ठेवलं आहे.

माझ्या मते घाई नाही. आवाज आहे म्हणून लोक वाट सोडतात. गाडी म्हातारी झाली आहे, तिला बोलू द्यावं. पण बाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं.

तुमचा
बाबाराव


कारंजा (घाडगे)
ता. १६ ऑगस्ट १९५६

बाबाराव जवाईबापू यांना रामाजीचा जय भीम.

पत्र पोचलं. तानाबाईचा खोकला आहे तिथेच आहे, पण ती माझ्यावर ओरडते तेव्हा येत नाही. त्यावरून फार काही नसावं.

गाडीला बोलू द्यावं म्हणता. गाडीची एवढी काळजी? माझ्या बहिणीला कधी बोलू दिलंत?

आणा ती इकडे. पाऊस उघडला की आणा. हायवेवर ढाबे लागले की तिसऱ्या ढाब्याला लागून माझं टिनाचं छप्पर आहे. खाली माणसाचे दोन पाय दिसतील, तो मी. बाकीचा ट्रकाखाली असतो. अलीकडे थकायला होतं, जवाईबापू. दिवसभर ट्रकांची पोटं बघून बघून संध्याकाळी कोणाचं तोंड दिसलं की बरं वाटतं, मग ते मागच्या वेळी भांडून गेलेल्या माणसाचं का असेना.

सायलेन्सर म्हणजे काय, पत्र्याचा डबाच. वरून गंज चढतो, आतून धूर खातो. चीर एका जागी सांधली की पलीकडे उसवते, जुन्या लुगड्यासारखं. तरी बघतो. पत्रा सांधायला कार्बाइडच्या गॅसची टाकी भरून ठेवतो. तुमच्या बाईंना सांगा, रामाजी शाळेत गेलेला नाही, ट्रकांच्या पाठीवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकला, पण पत्रा शिवण्यात कोणाला हार जाणार नाही.

येताना धुरपताला आणू नका, दोन सीटांत तिचा राग मावायचा नाही. थट्टा केली, तिला वाचून दाखवू नका.

रामाजी


सिंदी (रेल्वे)
ता. २९ सप्टेंबर १९५६

रामाजीभाऊ यांस जय भीम.

तुमच्याकडून गाडी आणली ती पोळ्यापर्यंत चांगली होती. पोळ्याला गावकऱ्यांनी सांगितलं, सजवलेले बैल उभे आहेत, आज गाडी काढू नका. काढली नाही. दुसऱ्या दिवशी काढली तर पुन्हा तोच आवाज. उजव्या बाजूचा जोड सुटला आहे. रस्ता वाईट, तुमच्या कामात काही खोट नाही. बाईंनाही तसंच सांगितलं.

पुन्हा आणावी लागेल. या वेळी हलकं ठिगळ लावा, फार मेहनत घेऊ नका. तुम्ही त्या गाडीखाली वाकता आणि नंतर तानावहिनी तुमची कंबर शेकत बसते, ते मला बरं वाटत नाही.

दसऱ्याला दीक्षेसाठी नागपूरला जायचं ठरलं तसं ठरलं. आम्ही दोघं इकडून निघतो, तुम्ही तिकडून या. गर्दी फार होणार म्हणतात. मैदानावर एकमेकांना कसं शोधायचं ते आधी ठरवू. हाक मारून उपयोग नाही. धुरपता पांढऱ्या लुगड्यात राहील, पण त्या दिवशी सगळ्याच बाया पांढऱ्या लुगड्यात राहतील. मी डोक्याला जुनी पलटणीची टोपी घालतो, ती ओळखा.

बाबाराव


कारंजा (घाडगे)
ता. २८ ऑक्टोबर १९५६

बाबाराव जवाईबापू यांना जय भीम.

नागपूरहून परतलो तेव्हापासून लिहायचं म्हणत होतो. हात धजावला नाही. एवढं मोठं काही घडलं की त्यानंतर सायलेन्सरबद्दल लिहायला माणसाला लाज वाटते. पण पोटासाठी पुन्हा ट्रकाखाली जावंच लागतं, तसं पत्रातही खाली यावं लागेल.

आधी वरचं लिहितो. मैदानावर आपण शेजारी शेजारी उभे होतो. प्रतिज्ञा म्हणताना मी तुमच्याकडे पाहिलं. सगळी माणसं समोर बघत होती, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझ्या मागून अर्धा शब्द उशिराने म्हणत होता. मला वाटलं, जवाईबापूंचा गळा दाटला. तुमच्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मला इतकं चांगलं वाटलं असेल.

आता खालचं. मागच्या हप्त्यात तुम्ही दुसऱ्यांदा गाडी आणलीत. मी खाली गेलो. तुम्ही लिहिलं होतं, रस्त्याने जोड सुटला. जवाईबापू, जोड रस्त्याने नाही सुटला. सायलेन्सर ज्या पट्टीला टांगलेला असतो त्या पट्टीचे नट कोणीतरी ढिले केले होते. पान्याचे ताजे वळ होते त्याच्यावर. नट ढिला केला की डबा हिंदकळतो, आणि हिंदकळला की कितीही पक्का सांधा असो, उसवणारच. गाडीच्या खालून बाहेर आलो तेव्हा तुमच्या तोंडावर हे बोलायला जीभ उचलली नाही, म्हणून लिहितो.

सिंदीत दुसऱ्या कोण्या मिस्त्रीला दाखवलंत का? सांगा. मी रागावणार नाही. रागावेन, पण सांगा.

ठिगळं लावणं आता पुरे झालं. मी दोन्ही सायलेन्सर नवे बनवतो. पत्र्याच्या शोधात आहे.

रामाजी


सिंदी (रेल्वे)
ता. ९ नोव्हेंबर १९५६

रामाजीभाऊ यांस जय भीम.

दुसरा मिस्त्री नाही. नटाचं सोडा.

विनंती एवढीच की नवे बनवू नका. बाईंचं तुम्हाला काही विचारणं आलंच तर पत्रा मिळत नाही असं कळवा. हे खोटं आहे हे मला समजतं. तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही, तुमची बहीण सोडून.

कापूस येऊ लागला आहे. दिवाणजीने गाडी आवाराबाहेर ठेवायला लावली आहे, आम्ही रस्त्यावर उभे राहतो. ते चालतं. चालू द्या. माझं वय तुम्हाला माहीत आहे. लढाईत लॉरी चालवली त्याला आता कोण विचारतो? ही एक गाडी आहे जी माझ्याशिवाय कोणाला चालवता येत नाही, तिचे गिअर अवघड आहेत, म्हणून मी आहे. गाडीत काही बदल झाला की माणसातही बदल करावासा वाटतो मालकाला.

धुरपताची तक्रार तुमच्याकडे येण्याआधी मीच लिहितो. ती हल्ली घरात ओरडूनच बोलते. शेजाऱ्यांना वाटतं आमचं रोज भांडण चाललं आहे. वयाने बायकांचा आवाज वाढतो का? तानावहिनीचं कसं आहे?

बाबाराव


कारंजा (घाडगे)
ता. २० जानेवारी १९५७

बाबाराव जवाईबापू यांना जय भीम.

डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि आपल्या कोणाच्या हातून काही झालं नाही. मी दुकान उघडत होतो आणि समोर बसून राहत होतो. ट्रकवाले येत, बघत, पुढच्या मिस्त्रीकडे जात. त्याबद्दल काय लिहायचं. तुम्ही तिकडे तसेच बसला असाल.

मग परवा तुम्ही गाडी घेऊन उभे राहिलात, आणि शेजारी बाई स्वतः. मला आधी कळवायचं तरी. तानाबाईने घाईघाईत चहात दोनदा साखर टाकली. बाई सगळा प्यायल्या, वरून म्हणाल्या, "बरं झालं, घरी मले गोड देत नाईत."

तुमची विनंती मी पाळली नाही, ते तुम्हाला दिसलंच. बाईंनी मला सरळ विचारलं, "रामाजी, नवे बनते का बनत नाई?" आणि पत्रा तर मागे भिंतीला टेकून उभा होता. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून निघालं, "बनते." मला माफ करा. माझ्या हाताला चांगलं काम करायची हावच आहे.

आतली नळी मी भोकं पाडून घातली आणि भोवती लोखंडाचा कीस भरला. नत्थूजी ट्रकवाला बाजूला उभा राहून अक्कल शिकवत होता. "कापसाचा जिल्हा हाये आपला, सरकी भर ना आत." म्हटलं, "हो, अन् बाईले शेगडीवर बसव."

आणि मग गाडी सुरू केली. मला चार शब्द लिहू द्या याबद्दल, इतक्या वर्षांत मला असं समाधान झालं नव्हतं. आवाजच नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं काहीतरी. बाईंनी पदराची गाठ सोडली. तुम्ही स्टिअरिंगवर बसला होता, वाकून माझ्याकडे बघून विचारलंत, "सुरू झाली का?" गाडी तर केव्हाची सुरू होती. एवढी तारीफ मला आजपर्यंत कोणी केली नाही. मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, जवाई म्हणतात, सुरू झाली का!

पण जाताना तुमचं तोंड का पडलं होतं? गिअर टाकताना दोनदा करकरला, तोही तुमच्या हातून. तुम्ही रागावलात का माझ्यावर?

फुटके सायलेन्सर इथेच राहिले आहेत. कोणाबरोबर पाठवू का?

रामाजी


सिंदी (रेल्वे)
ता. ११ फेब्रुवारी १९५७

रामाजीभाऊ यांस जय भीम.

तुमच्यावर राग नाही. आता खरं लिहितो. तुम्ही समोर असता तर लिहिलं नसतं आणि बोललोही नसतो.

माझे कान गेले आहेत. एकदम नाही गेले, हळूहळू, शेतातली वाट बुजते तसे. आता उजव्या कानात तोंड घालून कोणी ओरडलं तर कळतं. डावा पूर्ण गेला. रेल्वेची शिट्टी मला मच्छराएवढी ऐकू येते. मैदानावर माझा गळा दाटला नव्हता, मला ऐकू येत नव्हतं. मी तुमच्या ओठांवरून म्हणत होतो. शब्द सगळे बरोबर झाले असतील अशी आशा आहे. आणि ती गाडी सुरू झाली का, हे मी खरंच विचारत होतो.

नट मीच ढिले केले. पाना माझा होता.

असं का केलं ते ऐका. फुटका सायलेन्सर होता तोवर सगळी गाडी थरथरायची. तो आवाज माझ्या कानात नाही, छातीत यायचा, गिअरच्या दांड्यातून हातात यायचा. त्यावरून मला कळायचं, इंजिन कुठे आहे, गिअर केव्हा बदलायचा. आणि दुसरं म्हणजे त्या आवाजात बाईंनाही बोलता येत नव्हतं. सायलेन्सर फुटका होता तोवर आम्ही दोघंही बहिरे होतो, बाई आणि मी. आता मी एकटा आहे.

आता गाडी गप्प झाली आणि बाई बोलू लागल्या. सिंदीपासून वर्ध्यापर्यंत बोलतात आणि वर्ध्यापासून सिंदीपर्यंत. इतकं बोलणं त्यांच्यात कुठे साठलं होतं कोणास ठाऊक. त्यांचे डोळे अंधुक आहेत म्हणून मी निभावतो. त्यांचा हात पदराकडे गेला की वाक्य संपलं असं मी धरतो आणि म्हणतो, "हो बाई." अजून कशाला नाही म्हटलेलं नाही. कशाकशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही. घरी येतो तेव्हा अंगात जीव राहत नाही, रामाजीभाऊ. लढाईत चिखलात लॉरी काढली तेव्हा एवढं थकलो नव्हतो.

एक काम करा. येत्या हप्त्यात मी गाडी आणतो, काहीतरी निमित्त काढून. नव्या सायलेन्सरांना खालून एक-एक भोक पाडा. आंगठ्याएवढं. वरून कोणाला दिसणार नाही.

धुरपताने हे पत्र पाहिलेलं नाही.

बाबाराव


कारंजा (घाडगे)
ता. १९ फेब्रुवारी १९५७

बाबाराव जवाईबापू यांना जय भीम.

तुमचं पत्र मी तानाबाईला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण एकट्याने पेलवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमाले आता कळलं? मले दसऱ्यानंतर ते जेवाले बसले तवाच कळलंतं. मी विचारलं, भाऊजी, वरण वाढू काय? ते म्हणाले, धुरपता बरी हाये."

मी म्हटलं, "मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं. तुम्ही सायलेन्सरचं बोलून राह्यले होते."

तेव्हा बहिरे तुम्ही एकटेच नाही, हे लक्षात ठेवा. मी तुमच्या शेजारी मैदानावर उभा होतो, माझे दोन्ही कान धड आहेत, आणि मला काही ऐकू आलं नाही. ज्या कामाची मी गावभर फुशारकी मारली त्याच कामाने तुमच्या पोटावर पाय आणला. तो पत्रा मी का आणला, असं दिवसातून कितीदा मनात येतं.

तरी भोक पाडणार नाही.

रागावू नका, पुढचं वाचा. भोक पाडणं काही कठीण नाही, चहा पितापिता होईल. त्या भोकातून तुम्हाला इंजिन ऐकू येईल. पण मागून हाक मारणारी बाई ऐकू येणार नाही, रस्त्यात आलेलं ढोर ऐकू येणार नाही, फाटकावरची गाडी ऐकू येणार नाही. तुमच्या शेजारी एक म्हातारी बसते, तिला दिसत नाही. ती दोन डोळे आणि दोन कान तुमचे धरून चालली आहे, आणि तुमच्याकडे त्यातलं अर्धंच आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तुमची लॉरी, तुमची पलटण, सगळं मला माहीत आहे. पण माझ्या हाताने मी ते भोक पाडून तुम्हाला रस्त्यावर सोडलं आणि काही झालं, तर मग मी कोणतं काम करायचं?

बाईंना सांगा. तुम्हाला सांगवत नसेल तर मी येतो आणि सांगतो. नाहीतर धुरपताला सांगू द्या, तिला सगळं माहीत आहे. ती उगाच ओरडत नाही, जवाईबापू.

त्यानंतर इकडे या, दोघंही. माझी कंबर आता ट्रकाखाली जाऊ देत नाही. तुम्हाला गाड्यांचं सगळं समजतं, हाताने समजतं. आणि माझ्या दुकानात दिवसभर हातोडे चालतात, इथे ज्याला ऐकू येतं त्याचेच हाल होतात. सगळे खुणा करूनच बोलतात. नत्थूजीचं तर ऐकू येत नसलेलंच बरं.

फुटके सायलेन्सर दाराशी पडले आहेत. एक डबा मी उभा कापून पाहिला, आत किती गंजला ते बघायला. तर आता तानाबाईची कोंबडी त्याच्यात अंडी घालू लागली आहे.

उत्तराची वाट पाहतो. लवकर लिहा.

तुमचा
रामाजी


सिंदी (रेल्वे)
ता. २८ मार्च १९५७

रामाजीभाऊ यांस बाबारावचा जय भीम.

उत्तराला उशीर झाला. तुमच्या पत्राचा राग आला होता. तो उतरायला काही दिवस गेले, आणि उतरल्यावर लाज वाटली. मग ठरवलं की शनिवारी बाईंना सांगायचं. शनिवार आला की पुढच्या शनिवारवर टाकत होतो. माणूस स्वतःला कसा फसवतो ते तुम्हाला सांगायला नको.

या शनिवारी बाईंकडे गेलो तर दारात नागपूरचे एक डॉक्टर उभे होते. मला वाटलं डोळ्यांसाठी आले. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मला कळेना. मग दिवाणजीने माझ्या हातातली चावी काढून त्यांच्या हातात दिली. डॉक्टर माझ्या सीटवर बसले, गाडी सुरू केली असेल, आणि ती लाल गाडी वळणावरून गेली. माझ्यासाठी ती आवाज न करताच गेली. बाई दारात उभ्या होत्या, काहीतरी बोलत होत्या. मी सवयीने म्हणालो, "हो बाई." आणि घरी आलो.

धुरपताने माझं तोंड पाहिलं, पदर खोचला आणि बाईंकडे गेली. सगळं सांगून आली. कान, नट, सगळं. नटाचं तिला कसं माहीत म्हणाल तर ती म्हणते पाना कोणी धुतला असेल?

दुपारी उन्हात बाई तिचा हात धरून आमच्या मोहल्ल्यात आल्या. पायी. सगळी दारं माणसांनी भरली. आमच्या ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. धुरपता माझ्या उजव्या कानाशी बसली. बाई बोलायच्या आणि ती माझ्या कानात ओरडायची. सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं, पण त्याला इलाज नव्हता.

बाईंनी पहिलं हेच विचारलं, "मंग मी इतके दिवस कोणाले सांगून राह्यली होती?"

मी पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

बाई म्हणाल्या, "गाडी विकू काय म्हणून तुमाले विचारलं, तुम्ही हो म्हणाले. म्हणून विकली."

मी म्हणालो, "बाई, मी सगळ्यालेच हो म्हणत होतो."

"सगळ्याले नाई," बाई म्हणाल्या. "मागं एकदा फाटक बंद होतं. मी विचारलं, बाबाराव, ताराचंद येईन काय हो परत? एरवी दर गोष्टीले हो म्हणणारा माणूस, त्या दिवशी तुम्ही चूप राह्यले. मले वाटलं, या माणसाले खोटं बोलवत नाई. घरी येऊन लय रडली. मंग ठरवलं का ज्याच्यासाठी गाडी ठेवली तो येत नाई, त आता काऊन ठेवाची?"

धुरपता हे माझ्या कानात ओरडताना मध्येच थांबली. मग पुन्हा सांगितलं.

मला तो दिवस आठवला. मी फाटकाकडे बघत होतो. मालगाडी लांबलचक होती, बाईंच्या पदराकडे माझं लक्ष नव्हतं. तसंच मी त्यांना सांगितलं. म्हणालो, "मी काही म्हणालो नाही बाई. मी डबे पाहत होतो. ताराचंदभाऊ येतील का नाही येतील, मले कसं माहीत?"

बाईंनी ओट्याला हात टेकला. मला वाटलं आता उठून जातील. त्यांनी पदराला हात लावला, आणि दोन महिन्यांच्या सवयीने माझ्या तोंडातून "हो बाई" निघणार होतं, ते मी आवरलं. मग त्यांच्या खांद्याकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. धुरपता कानात म्हणाली, बाई म्हणून राह्यल्या, "बरं झालं. कोणी ऐकून राह्यलं असतं, त माह्या तोंडातून हे निंगालंच नसतं."

जाताना त्यांनी जिनिंगच्या फाटकावर चौकीदार म्हणून राहायला सांगितलं. मी नको म्हणालो. त्या कामाला ऐकू येणारा माणूस पाहिजे. हे मी स्वतः बोललो, रामाजीभाऊ, मोहल्ल्यासमोर, मोठ्याने. किती मोठ्याने ते मला माहीत नाही. पण आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही पुढच्या गुरुवारी निघतो. सामान थोडंच आहे. धुरपताचे गुडघे पाहता तिला तुमच्या दुकानात उभं करू नका, तानावहिनीजवळ बसू द्या, त्यांना एकमेकींवर ओरडायला सोबत होईल. कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर तिला उठवू नका, तिची पिल्लं निघू द्या.

मोटार दुपारची आहे. तुम्ही स्टँडवर याल हे मला माहीत आहे. आलात तर मागून हाक मारू नका. समोर या आणि हात हलवा.

तुमचा
बाबाराव